दसऱ्याचे सहा बाण

मी धनुष्यबाणानं हरणांची शिकार करतो असं सांगितलं की आपल्या लोकांना आधी कॅलेंडरवरचे देव आठवतात आणि मग ते माझ्या पोटाकडे बघतात. दोन्हीचा मेळ बसत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. त्यात मी वसईचा ख्रिस्ती, त्यामुळे काहींचा आणखीच घोटाळा होतो. माझं धनुष्यही कॅलेंडरवरच्यासारखं नाही. दोन्ही टोकांना चाकं, मधे एकमेकांना छेदणाऱ्या दोऱ्या आणि पकडायला एक मूठ. दोन सायकली एकमेकींवर पडल्यासारखं ते दिसतं. त्याला कंपाउंड बो म्हणतात.

या नादाला मला माझ्या मित्रानं लावलं. तो पुण्याचा. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीत असताना आम्ही एकाच घरात राहिलो, एकाच कुकरात भात लावला, पीआरचे, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीचे, अर्ज एकमेकांना वाचून दाखवले. मग तो सिडनीला टूनगॅबीत गेला आणि आयटीत मोठा झाला. मी इथेच राहिलो, पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात. माझं काम फिरणाऱ्या यंत्रांचं. पंखा असो, पंप असो, मोटर असो, त्याचा दांडा सरळ फिरतो की डगमगतो हे मी मोजतो आणि त्याचाच पगार घेतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कोणीतरी विचारणारच.

माझ्या मित्राला कुठलीही गोष्ट साधी करता येत नाही. कॉफी प्यायला लागला तेव्हा त्यानं बिया तोलायचा काटा घेतला होता. शिकारीचा नाद लागल्यावर त्यानं गॅरेजमधून गाडी बाहेर काढली आणि आत कारखाना थाटला: बाण कापायची विजेची करवत, पिसं चिकटवायचा साचा, वर पांढरे दिवे. रविवारी किराणा आणायलाही तो झाडापानांच्या नक्षीची पॅंट घालून जायचा. जंगलात कोणाला दिसू नये म्हणून शिवलेल्या त्या कपड्यांत तो टूनगॅबीच्या सगळ्या दुकानांतून सगळ्यांना दिसायचा.

शिकारीची जागा त्यानंच मिळवली. गोलबर्नच्या पलीकडे एका बाईंचं मेंढ्यांचं शेत आहे. हरणं त्यांचं गवत खातात म्हणून त्यांना शिकारी चालतात, पण कुठलाही शिकारी चालत नाही. आमच्या आधी कोणीतरी मारलेलं एक हरीण त्यांना तळ्याकाठी सापडलं होतं, पोटात बाण घेऊन, जिवंत. ते त्यांना स्वतः संपवावं लागलं. तेव्हापासून त्यांचा नियम असा की शिकारीचंच पातं लावून त्यांच्यासमोर नेम मारून दाखवायचा. सगळे बाण बशीएवढ्या जागेत बसले तर या, नाहीतर चहा पिऊन घरी जा.

दोन वर्षं मी त्या शेतावर मित्राबरोबर नुसताच चालायला जात होतो. बो माझ्याकडे होता, पण नेम तेवढा नव्हता. तिसऱ्या वर्षी नेम आला आणि नेमकं तेव्हाच बाईंनी कळवलं की यंदा खालच्या कुरणांत मेंढ्या राहतील, मागच्या टेकडीवर एकच माणूस चालेल. जागा मित्राची होती. मी मागितलीही नसती. त्यानं स्वतःच फोन केला.

"हे बघ, आपल्यात तुझं-माझं नको. मार्चमध्ये दोघंही तिच्यासमोर मारू. जो चांगला मारेल तो जाईल. फेअर इनफ?"

मला भरून आलं होतं. इथे परदेशात असा माणूस मिळाला असं मी बायकोला म्हणालोही. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि तिला सहसा पुराव्याशिवाय भरून येत नाही. ती म्हणाली, "बघू."

त्याआधीच्या ऑक्टोबरात दसरा झाला होता. मित्राच्या गॅरेजमध्ये शस्त्रपूजा होती आणि आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर लॅपटॉप, ड्रिल, गाडीची किल्ली आणि मधोमध बो. सगळ्यांवर झेंडूची फुलं. आपट्याची पानं मिळाली नव्हती म्हणून सोनं म्हणून नीलगिरीची पानं वाटली, त्यामुळे सगळी मंडळी खोकल्याच्या औषधासारखी दरवळत होती. मित्रानं छोटं भाषण केलं. आपल्या रक्तातच शस्त्र आहे, असा एकूण सूर होता. समोर बसलेल्या लोकांच्या रक्तात प्रामुख्यानं साखर आहे हे मला माहीत होतं, पण मी ऐकून घेतलं. मग त्यानं मला पुढे बोलावलं आणि ताटात ठेवलेले सहा बाण माझ्या हातात दिले. काळे कार्बनचे दांडे, केशरी पिसं, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट.

"एकाच लॉटचे बारा बाण," तो सगळ्यांना म्हणाला. "मी स्वतः कापले, स्वतः चिकटवले. सहा माझे, सहा याचे. सख्ख्या भावांसारखी वाटणी."

टाळ्या झाल्या. माझ्या लहानपणी घरी असा नियम होता की जो केक कापेल त्यानं शेवटचा तुकडा उचलायचा, म्हणजे सुरी आपोआप सरळ चालते. पण इथे वाटणी आधीच होऊन आली होती. आणि हळदीकुंकू लावून, चारचौघांत, मित्रानं हातात दिलेली वस्तू कोणी उलटीसुलटी करून बघत नाही. तशी आपली रीतच नाही. मी बाण छातीशी धरले आणि फोटो काढून घेतला.

सरावाचं साधं टोक लावून ते बाण छान जात. हे टोक बंदुकीच्या गोळीसारखं गुळगुळीत असतं, हवेत कोणाशी वाद घालत नाही. जानेवारीत मी पहिल्यांदा ब्रॉडहेड लावलं. हे शिकारीचं पातं: तीन पाती, दाढीच्या ब्लेडइतकी धार. पाती म्हणजे एक प्रकारचे पंखच, आणि ते पुढच्या टोकाला. मागची पिसं बाण एका दिशेला नेऊ बघतात आणि पुढची पाती दुसऱ्या. सगळं एका रेषेत असेल तर दोघांचं जमतं. नसेल तर बाण मनाला येईल तिकडे जातो.

माझे जात होते. आमच्या क्लबात ब्रॉडहेड मारायला मैदानाच्या टोकाला वाळूचा ढीग आहे. तिथे तीस मीटरवरून पहिला बाण मधोमध बसला. दुसरा वीतभर डावीकडे. तिसरा खाली. चौथा पुन्हा मधोमध, जणू काही झालंच नाही. नेहमी डावीकडे गेला असता तर सोपं होतं. कधी बरोबर, कधी चूक, ही खोड यंत्रात असो की माणसात, सगळ्यात वाईट.

मी पद्धतशीर कामाला लागलो. बाण ज्यावर टेकतो तो रेस्ट केसभर उजवीकडे सरकवला. दोन खांबांत कागद ताणून त्यातून बाण मारले आणि भोक कसं फाटतं ते बघितलं. पिसं कुठे घासतात का हे कळावं म्हणून पायाला लावायची पावडर फवारली. दोरीवरची बाण अडकवायची जागा वर केली, खाली केली. दोन्ही चाकं एकाच वेळी फिरतात का ते तपासलं. पाती बदलली. सगळं तपासलं, बाण सोडून. बाणांवर नंबरसुद्धा टाकले नाहीत. नंबर टाकायचे म्हणजे बाणावर संशय घ्यायचा, आणि बाण त्यानं दिलेले होते. असा विचार मी शब्दांत कधी केला नाही. पण हात तिकडे गेला नाही हे खरं.

दर रविवारी मी त्याला व्हिडिओ पाठवायचो. त्याचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

"हात, मित्रा. तुझा हात. मूठ आवळतोस आणि बो पिळतोस. टॉर्क."

"पण मग सगळे एकाच बाजूला जायला हवेत ना?"

"दर वेळी वेगळं पिळतोस. आतून गडबड आहे. तुला मारायचंच नाहीये. कॅथलिक गिल्ट! कन्फेशनला जाऊन ये, बघ, सगळे बाण एका जागी बसतात की नाही."

मी हसलो. मग एकदा त्यानं सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की आपला वॉलॉंगॉंगचा धनुर्धर सध्या मानसिक लढाई लढतोय, सगळ्यांनी सपोर्ट करा. लोकांनी दंडाचे स्नायू फुगवलेली चिन्हं पाठवली. एका वहिनींनी प्राणायामाचा व्हिडिओ पाठवला. मी तो बघितला, आणि केलाही.

हळूहळू मी त्याचं म्हणणं मानलं. वाईट हे की नुसतं मानलं नाही, ते अंगात मुरलं. गाडी चालवताना मी स्टीअरिंगवरची मूठ बघायचो. कारखान्यात कॉफीचा मग धरताना बोटं सैल करायचो. ज्या हातानं इतकी वर्षं केसाच्या जाडीचे फरक मोजले, तो हात मला परका वाटायला लागला. बाईंच्या तळ्याकाठचं ते हरीण मी पाहिलेलं नव्हतं, तरी ते मला दिसायचं, आणि त्याच्या पोटातल्या बाणाला केशरी पिसं असायची. टेकडी मिळो न मिळो, जिवंत प्राण्यावर बाण सोडायचा मला हक्क आहे का, इथपर्यंत मी आलो होतो.

मार्चमधल्या त्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर सामान मांडून बसलो होतो. बायको समोर मुलीच्या डब्यासाठी गाजरं चिरत होती.

"मी उद्या जात नाही," मी म्हणालो. "त्याला फोन करतो. तोच जाऊ दे. माझा हात नाही ना धड."

"हाताला काय झालंय?"

"सांगितलं ना. टॉर्क."

तिनं सुरी ठेवली. "आमच्याकडे रिझल्ट विचित्र आला ना, तर आम्ही मशीन शेवटी उघडतो. आधी विचारतो, सॅंपल कोणी घेतलं?"

"म्हणजे?"

"बाण कोणी बनवले?"

"त्यानं."

"तपासलेस?"

"अगं, दसऱ्याला दिलेत त्यानं. सगळ्यांसमोर."

"ते मी नाही विचारलं."

बाण तपासायला काही लागत नाही. ब्रॉडहेडचं टोक लाकडी फळीवर टेकवायचं, बाण उभा धरायचा आणि रवी घुसळावी तसा दोन तळहातांत फिरवायचा. सगळं सरळ असेल तर पातं जागच्या जागी स्थिर दिसतं. पहिला बाण असा स्थिर फिरला आणि मी बायकोकडे विजयानं पाहिलं. दुसरा फिरवला. पातं आणि दांडा जिथे जुळतात तिथे तो थरथरला. तिसरा, तसाच. सहापैकी चार डगमगत होते. मी पाती काढली आणि दांड्याच्या टोकाला काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितलं. चारही टोकं तिरकी कापलेली. थोडीच, नखाच्या कडेएवढी. साध्या टोकाला तेवढ्यानं काही होत नाही. ब्रॉडहेडला होतं.

मुलगी टेबलापाशी येऊन थांबली. "डॅड, इज्न्ट दॅट लिटरली युअर जॉब?"

बायको पुन्हा गाजरं चिरायला लागली. हा तिचा मोठेपणा.

त्या क्षणी मला फक्त आनंद झाला होता, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. हात माझा ठीक होता. मित्रावर राग तर सोडाच, मला त्याचीच काळजी वाटली, कारण त्याचेही बाण तसेच असणार, बिचाऱ्याला माहीत नसणार. सकाळी गोलबर्नच्या आधी हायवेवरच्या बेकरीपाशी आम्ही भेटलो. तो गाडीच्या बॉनेटवर मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, ठेवून तिच्यावर सॉस पिळत होता. मी आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं.

"अरे, सापडलं! हात नाही, बाण आहेत. टोकं तिरकी कापली गेलीत. तुझेही फिरवून बघू चल, निघायच्या आधी."

"माझे ठीक आहेत."

"बघितलेस?"

"ठीक आहेत म्हटलं ना."

"अरे, पण करवत तीच ना? एकाच लॉटचे—"

त्यानं मीट पायचा मोठा घास घेतला. तो गरम होता. तोंडातल्या तोंडात फिरवत त्यानं पार्किंगमधल्या ट्रककडे बघितलं. तेवढ्यात मला कळलं. घास गिळून झाल्यावर तो जे बोलला ते नुसतं तपशिलापुरतं होतं.

"हे बघ, पहिले चार जरा गेले. करवत नवीन होती, टेकू हलत होता. मग हात बसला."

"आणि ते चार माझ्याकडे आले."

"कोणाकडे तरी जाणारच होते ना? अरे, ऑक्टोबरमध्ये तू कसा मारत होतास ते आठव. तुला काय फरक पडणार होता?"

"आणि नंतर? पडला तेव्हा?"

"नंतर कसं सांगणार यार? भीड वाटली. सगळ्यांसमोर दिलेले, पूजा करून."

"म्हणून माझा हात वाकडा असं सांगितलंस."

"वाकडा कधी म्हटलं? टॉर्क म्हटलं."

मला त्याला खूप काही विचारायचं होतं. मार्चमध्ये दोघंही मारू, हे त्यानं फोनवर म्हटलं तेव्हा ते चार बाण त्याच्या डोळ्यांसमोर होते का, एवढं एक तरी. विचारलं नाही. उत्तर हो असतं तर आमची सगळी वर्षं गेली असती, आणि नाही असतं तर मला ते खरं वाटलं नसतं. तो तोपर्यंत गाडीच्या मागच्या दारापाशी गेला होता. आपले सहाही बाण काढून त्यानं बॉनेटवर ठेवले, मीट पायच्या कागदाशेजारी.

"घे. माझे घे. आज तू यांनीच मार. झालं समाधान?"

राज्य सोडून वनात निघालेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता. मी नको म्हणालो असतो तर त्यानं ते दृश्य आणखी लांबवलं असतं. मी तीन उचलले.

बाईंनी गोठ्याच्या भिंतीपाशी लक्ष्य लावलं होतं. त्यावर खडूनं बशीएवढं वर्तुळ. आधी मित्र. त्याचे दोन बाण आत, तिसरा रेषेच्या बाहेर बोटभर. मग मी. तिन्ही आत. बाईंनी जवळ जाऊन बघितलं, टोपी मागे सरकवली आणि मला म्हणाल्या, "मागची टेकडी तुझी, मेट. फाटक बंद करायला विसरायचं नाही."

मित्रानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना इंग्रजीत सांगितलं की हे बाण मी बनवलेत. खरंच होतं ते.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. मी, लक्ष्य, केशरी पिसं. खाली लिहिलं होतं की स्पर्धेच्या दिवशी भावाला स्वतःचे बाण दिले, कारण शेवटी मैत्री मोठी. बदाम आले, हात जोडलेली चिन्हं आली. असा मित्र सगळ्यांना मिळो, असं प्राणायामवाल्या वहिनींनी लिहिलं. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत असणार. मी अंगठा टाकला. बायकोनं तो बघितला आणि फोन उलटा करून ठेवला.

त्याचे तीन बाण मी परत दिले. माझे सहा गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवून दिले. चार दुरुस्त करता आले असते, फक्त टोकं घासून सरळ करायची होती, पण हात होईना. दुकानातून नवे आणले आणि काउंटरवरच एकेक फिरवून बघितला. दुकानदाराला त्यात काही वाटलं नाही. आम्ही भांडलो नाही. अजूनही तो फोन करतो आणि मी उचलतो. फक्त तो काही सांगायला लागला की आत्ता तो कुठल्या ट्रककडे बघत असेल, हे मी मनात शोधतो.

एप्रिलमध्ये हरणांचा माज सुरू होतो आणि नर घोरल्यासारखे ओरडत फिरतात. मी एकटाच टेकडीवर गेलो. सकाळभर एका पडलेल्या झाडामागे बसलो होतो. मग तो आला. फिकट तपकिरी, पसरट शिंगांचा, मान खाली घालून ओरडत. माझ्यासमोर आडवा उभा राहिला, क्लबातल्या वाळूच्या ढिगाहूनही जवळ. वारा त्याच्याकडून माझ्याकडे. याहून चांगली संधी कोणाला मिळत नाही.

मी दोरी ताणली. नेमाचा ठिपका त्याच्या खांद्यामागे जाऊन बसला आणि हलला नाही. नवे बाण, सरळ दांडे, सगळं मोजलेलं. आणि माझ्या डोक्यात मित्राच्या आवाजात आलं: मूठ. मी बोटं सैल केली. मग वाटलं, जास्त सैल झाली. मग वाटलं, आत्ता पिळतोय का? ठिपका तिथेच होता. माझं लक्ष मात्र हरणावरून उठून माझ्या तळहातावर जाऊन बसलं होतं, जानेवारीपासून रोज बसायचं तसं. तळ्याकाठचं हरीण आठवलं. मी सोडलं नाही. दंड भरून आले तशी दोरी हळूहळू परत आणली. त्या हालचालीनं त्यानं मान वर केली, मला पाहिलं, आणि घाई न करता चढावर निघून गेला.

तो उभा होता त्याच्या थोडं बाजूला, तेवढ्याच अंतरावर, एक कुजलेला ओंडका होता, साल गेलेला, त्यावर एक फिकट डाग. मी काही विचार न करता ताणलं आणि सोडलं. बाण डागाच्या मधोमध गेला, अर्धा आत.

चाकूनं लाकूड कोरून ब्रॉडहेड बाहेर काढावं लागलं. सावकाश, कारण पाती बोटं कापतात. मी कोरत होतो तेव्हा टेकडीच्या पलीकडून तो नर पुन्हा ओरडायला लागला होता.